माळवदावरचे जव

कफा म्हणजे ‘पुरे’. सातवीही मुलगीच झाली तेव्हा आईबापांनी देवाला कळावं म्हणून हे नाव ठेवलं. देवाने काही मनावर घेतलं नाही, आठवीही मुलगीच झाली. पण नाव कफाला चिकटलं ते चिकटलं.

लग्नानंतर दोन हिवाळे तिने नवऱ्यासोबत काढले. मग मिलहेम बैरूतहून ब्राझीलच्या बोटीत बसला. “दोन वर्षांत येतो,” म्हणाला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती आणि घरात उरल्या होत्या कफा आणि तिची सासू, उम्म मिलहेम, म्हणजे मिलहेमची आई.

आमच्या डोंगरातली जुनी घरं मातीच्या माळवदाची. लाकडं, त्यावर फांद्या, त्यावर हातभर माती. पाऊस पडला की लगेच वर चढून दगडी रूळ फिरवायचा, माती दाबून घ्यायची. एक पाऊस चुकवलात की पाणी घरात आलंच म्हणून समजा. हे काम पुरुषाचं. पण ज्या घरातला पुरुष बोटीत बसून गेला तिथे बायकोने नाही करायचं तर कोणी? अकरा हिवाळे कफाने रूळ ओढला. तळहात असे झाले होते की लोकर विंचरताना धागे अडकायचे.

उम्म मिलहेमचे गुडघे गेलेले. ती खाली गादीवर पडून कानाने देखरेख करायची.

“त्या कोपऱ्यात आणखी दोन फेऱ्या मार! जेवताना बरा जोर असतो गं तुला!”

तीन वर्षांपूर्वी मिलहेमचं पत्र आलं. दोघींनाही अक्षरओळख नाही, म्हणून गावचे पाद्री खूरी इल्यास वाचायला आले. मिलहेमने लिहिलं होतं की बंदरात लाल कौलं उतरतात, व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय, आईने नुसतं हो म्हणायचं. ‘घरावर कौलं चढली की मी येतो. मातीखाली राहायची सवय आता गेली.’

इथे खूरी थांबले. घसा साफ करून म्हणाले, “पोरी, कॉफी टाक बघू.”

ती कॉफी घेऊन आली तोवर पत्राची घडी झाली होती आणि म्हातारीचा चेहरा पार बदलला होता.

“कौलं नकोत,” उम्म मिलहेम म्हणाली. “तुळई धड आहे. वरून एक थर माती चढवा, बास.”

कफाने ट्रे खाली ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने येतो म्हणून लिहिलं होतं, आणि ही बया वाटेत आडवी पडली होती!

त्या वर्षी एक थर चढला, पुढच्या वर्षी आणखी एक. तिसऱ्या शरदात गवंडी तन्नूस आला. त्याने मधल्या तुळईवर हातोडी ठोकली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

“उम्म मिलहेम, आता हिच्यावर घमेलंभरही माती नको. डागडुजीचे दिवस संपले हिचे. सगळं उतरव आणि कौलं घाल.”

“तुझ्या बापाने बसवलीय ती तुळई. बापाचं काम कच्चं होतं म्हणतोस?”

तन्नूस हातोडी उचलून चालता झाला. कफाने सासूचे पाय धरले. आमच्याकडे सुना सासूला काकू म्हणतात.

“काकू, हो म्हणा ना. मी एकतीस वर्षांची झाले. आणखी दोन-तीन वर्षं गेली तर…”

“तर काय, पोर होणार नाही? तुझ्या आईने आठ काढल्या, जगाचं काय भलं झालं? ऊठ, शिडी लाव. थर घालायचाय.”

कफाने निमूट थर घातला. पण त्या दिवशी तिच्या मनात काहीतरी तुटलं ते तुटलंच. दुसऱ्या दिवशी तिने पोत्यातून ओंजळभर जव काढले आणि वर जाऊन बरोबर तुळईच्या माथ्यावर पेरले.

माळवदावर गवताची काडी दिसली तरी उपटायची असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुळं माती उसवतात, मग पाण्याला वाट मोकळी. घर गावाच्या अगदी माथ्यावर, वरून बघणारं कोणी नव्हतं. जव हिरवेगार वाढले. पाऊस पडला की कफा वर चढायची आणि कडेच्या हातभर पट्टीवर रूळ खडखडा फिरवायची.

“हां, आत्ता कुठे माणसासारखं काम करायला लागलीस,” खालून म्हातारी म्हणायची.

कफाचा हिशोब साधा होता. गळती लागेल, म्हातारीचं अंथरूण भिजेल, झक मारत हो म्हणेल. जानेवारीत गळती लागली.

“पातेलं ठेव,” म्हातारी म्हणाली.

पाच पातेली झाली, तरी हो नाही. फेब्रुवारीत ओला बर्फ पडला. कफा झऱ्यावर गेली होती. परत येते तर धुराड्याच्या जागी आभाळ! घागर टाकून ती धावली. नखं फुटेपर्यंत माती उपसली. म्हातारी जिवंत होती, पण दोन्ही पाय तुळईखाली चेचले होते. तिच्या छातीवर मातीच्या ढेकळासकट जवाचा हिरवा झुबका पडला होता. उम्म मिलहेमने तो बघितला. मग सुनेकडे बघितलं आणि झुबका मुठीत आवळला. धावत आलेल्या लोकांना वाटलं, बिचारीने वेदनेने मूठ वळलीय. तिने कोणाला काही सांगितलं नाही.

आता दुरुस्तीचा प्रश्नच उरला नव्हता. खूरींनी पत्र धाडलं, उन्हाळ्यात कौलं चढली आणि सप्टेंबरात मिलहेम आला. कफाने लग्नातला झगा उसवून पुन्हा बेतला होता, डोळ्यांत काजळ घातलं होतं. वळणावर खेचरं दिसली. पहिल्यावर मिलहेम, दुसऱ्यावर टोपी घातलेली एक गोरी बाई, तिसऱ्यावर दोन पोरं. पोरांची नाकं थेट मिलहेमची.

गाव चिडीचूप. मिलहेमने चर्चसाठीही कौलं पाठवली होती. ज्या खूरी इल्यासनी कफाच्या डोक्यावर लग्नाचा मुकुट ठेवला होता, त्यांनीच घरावर पवित्र पाणी शिंपडलं आणि कफाकडे एकदाही बघितलं नाही.

मिलहेमने कफाला चुलीपाशी गाठलं. “तिला सांगितलंय, आईचं करायला ठेवलेली बाई आहे म्हणून. आई आहे तोवर राहा. तमाशा केलास तर तुझ्या बाजूने कोणी उभं राहायचं नाही.”

कफा सासूच्या खोलीत गेली.

“काकू, तुम्हाला ठाऊक होतं?”

“पत्रातच होतं. कौलं झाली की बायकापोरांना घेऊन येतो म्हणून.”

“मग मला सांगायचं होतंत!”

“सांगितलं असतं तर रूळ कोणी ओढला असता? ती टोपीवाली माझं अंग पुसणार होती का?” म्हातारीने उशीखालून रुमाल काढून सोडला. आत वाळलेले जव होते. “ते माळवद होतं तोवर तुला या घरात काम होतं, अवदसे. मी आपली त्याच्याखाली झोपत होते, एवढंच.”



ऑक्टोबरात पहिला पाऊस आला. कौलांवर थेंब वाजले तशी कफा सवयीने उठून दारापर्यंत धावली. शिडी नव्हती. रूळ अंगणाच्या कडेला पडला होता आणि मिलहेमची पोरं त्यावर घोडा घोडा खेळत होती. ती परत आत आली आणि मसुरीच्या कढणाचा वाडगा घेऊन सासूपाशी बसली.

म्हातारीच्या पायांच्या जखमा भरत नव्हत्या, अंग दिवसेंदिवस सुकत चाललं होतं. कफा तिला दिवसातून चारदा भरवायची, कूस बदलून द्यायची, हाडं मोजावीत तशी तेलाने चोळायची. बायका म्हणायच्या, पोटची पोर करणार नाही एवढं करते हो!

“घ्या ना, काकू. एकच घास. माझ्यासाठी.”

उम्म मिलहेमने चमच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. आपण आहोत तोवरच हिला या घरात थारा आहे, हे तिला कळलं. इतक्या वर्षांत कफाने तिला कधी हसताना बघितलं नव्हतं. आज ती हसली. मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.