आर्लिनचे देवदूत

आर्लिनकडून रोज सकाळी ईमेल यायचा आणि व्हर्ना रोज सकाळी वैतागायची. कधी पंखवाला देवदूत, कधी मांजरांचे विनोद, कधी अमक्या शाम्पूने टक्कल पडतं ही भीती. खाली ठरलेलं वाक्य, दहा मैत्रिणींना पाठवा. आर्लिनच्या हाती कॉम्प्युटर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं व्हर्ना चारचौघींत म्हणायची. पण मैत्री शाळेपासूनची, म्हणून ती काही न बोलता सगळं पुसून टाकायची. उत्तर तिने कधी दिलं नाही.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. लुइझियाना सोडून गेल्या वर्षीच मिनेसोटात राहायला आलेली कोलेट व्हर्नाजवळ सरकली. लालभडक लिपस्टिक, कुणाच्याही दंडाला हात लावून बोलायची सवय.

"आर्लिनचं कालचं पत्र वाचून मला रडूच आलं गं. गेलेल्या नवऱ्याबद्दल काय लिहिलंय तिने!"

"पत्र?"

"का, तुला नाही लिहीत?"

"लिहिते की," व्हर्ना म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेल्या बाईला पत्रं आणि आपल्याला मांजरं!

बाहेर आर्लिन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. व्हर्नाने तिला गाठलंच.

"कोलेटला एवढं काय लिहितेस गं?"

"तिने विचारलं, कशी आहेस. मी सांगितलं."

"मीही विचारते."

"तू विचारतेस आणि कोट घालायला लागतेस."

हे खोटं नव्हतं. त्या गावात 'कशी आहेस'ला 'बरंय' म्हणायचं आणि थंडीवर बोलायचं, अशीच रीत होती. तरी घरी जाऊन व्हर्नाने लिहिलं, 'आर्लिन, कशी आहेस? खरं सांग.' आणि हात मागे घ्यायच्या आत पाठवून दिलं.

सकाळी ईमेलने लांबलचक पत्र आलं. आर्लिनचे डोळे चालले होते. समोरच्या माणसाचा चेहराच पुसट दिसायचा. वसंत यायच्या आत गाडी चालवणं सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावाला कळलं तर दारात कीव आणि आजाऱ्याच्या घरी पोचवायच्या गरम जेवणाची, हॉटडिशची भांडी येतील, मुलगा येऊन गाडीची किल्ली काढून घेईल, म्हणून ती गप्प होती. शेवटी लिहिलं होतं, 'हे मी कोलेटलाही सांगितलेलं नाही.'

व्हर्नाने ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मैत्रिणीचे डोळे जाताहेत आणि आपल्याला आनंद होतोय, याची तिला लाज वाटली. थोडीशीच. पण जिंकलेलं हरणारीला कळलं नाही, तर त्या जिंकण्यात काय मजा? तिने पत्र होतं तसं कोलेटला धाडलं. वर लिहिलं, 'तुझ्या कानावर असावं म्हणून. कुणाला सांगू नकोस.'

कोलेटने कुणाला सांगितलं नाही, देवाला सांगितलं. कुणी आजारी पडलं की प्रार्थनेसाठी चर्चमधल्या सगळ्यांना ईमेल करायची तिथे पद्धत होती. कोलेटने भाबडेपणाने अख्खं पत्र त्यात घातलं. सगळ्यांत वर व्हर्नाचं वाक्य आणि खाली आर्लिनचं काळीज, असं ते घरोघरी पोचलं. आर्लिनच्याही घरी. संध्याकाळी तिच्या पायरीवर हॉटडिशची भांडी ओळीने लागली आणि शनिवारी फार्गोहून मुलगा आला.

व्हर्नाने फोन केला. "आर्लिन, अगं, मला वाटलं..."

"बरंय माझं," आर्लिन म्हणाली. "थंडी वाढलीय, नाही? चल, ठेवते."

त्यानंतर व्हर्ना सकाळी उठली की आधी कॉम्प्युटर लावायची. पत्र येणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण मांजरंही येईनात.

पुढच्या रविवारी तळघरात बायका एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. आर्लिन मुलाचा हात धरून पलीकडे बसली होती. कोलेटने व्हर्नाच्या दंडाला हात लावला.

"आर्लिनने पाठवलेला आजचा देवदूत बघितलास ना? बर्फावरून घसरणारा?"

"बघितला की," व्हर्ना म्हणाली आणि कोट घालायला लागली.