माझ्या अंगावरचे कुंकवाचे बोट

मी एक जुने चित्र आहे. मित्रांनो, चित्र म्हटले की तुम्ही झाड, घर, डोंगरामागचा सूर्य शोधाल. माझ्यात त्यातले काहीच नाही. जाड कागदावर काळे, तांबूस, राखाडी पट्टे आणि त्यांतून वळत गेलेली एक पांढरी रेघ, एवढाच माझा संसार. त्यामुळे "हे काय हाय?" हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आले आहे.

माझा जन्म वडगाव निंबाळकरचा. अंजली तेव्हा पुण्यात चित्रकला शिकत होती. सुट्टीत ती घरी आली, तेव्हा शेजारच्या रानात विहीर खोदणे चालू होते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. ते थर तिच्या डोक्यातून जाईनात. तिने मला भिजवले, माझ्यावर शाई ओतली, ओला मुरूम चोळला. मधली रेघ तेवढी कोरी सोडली. मग सपाट व्हावे म्हणून मला विटांखाली दाबले. अंग ठणकले, पण रूप आले.

तिचे वडील कचरू गावातल्या डेअरीत दूध घालायचे. त्यांनी मला हौसेने तिथे नेले आणि डेअरीचे सचिव सर्जेराव यांनी काचेच्या चौकटीत बसवून वजनकाट्याच्या वर टांगले. मग काय, येईल तो माझा अर्थ लावू लागला. कुणाला भेगाळलेले रान दिसले, कुणाला जमिनीचा नकाशा. दूध घालायला येणाऱ्या गेणबांना तर म्हशीचा कोथळा दिसला. मला राग यायचा, पण करमायचेही.

रोज दूध घालायला येणाऱ्या प्रयागबाई मात्र किटली टेकवून नुसत्या बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सर्जेराव, ही आमची भीमा नदी हाय. तिकडं डाळजच्या बाजूला माझं म्हायेर हुतं. धरणाचं पाणी आलं आन् समदं खाली गेलं."

त्या दिवसापासून मला माझी रेघ निराळीच वाटू लागली.

पुढे माझी काच फुटली. नवी कुणी बसवली नाही. दसऱ्याला डेअरीत काट्याला, फॅट तपासायच्या मशीनला, कॅनना हळदकुंकू लागले. प्रयागबाईंनी त्याच कुंकवाचे एक बोट मलाही लावले, रेघेच्या वळणावर, थेट कागदाला.

"अवो, कागद हाय त्यो," सर्जेराव म्हणाले. त्या घाबरल्या. पदराचे टोक ओले करून पुसायला गेल्या आणि डाग आणखी पसरला.

नंतर डेअरीत फरश्या बसल्या. मी पेंडीच्या पोत्यांमागे गेले ते तिथेच राहिले. कडांना बुरशी आली. प्रयागबाई रोज रिकाम्या भिंतीकडे बघायच्या, पण डागामुळे विचारायची त्यांना लाज वाटे.

शेवटी अंजलीच मला शोधत आली. बारामतीच्या प्रदर्शनात तिला मला मांडायचे होते. डाग पाहून तिने काळ्या शाईची बाटली उघडली. एवढा डाग झाकला, तर मी पुन्हा नुसते पट्टेच उरणार होते.

"झाक पोरी," दारातून प्रयागबाई म्हणाल्या. "माझीच चूक हाय ती."

"पण आजी, तिथंच का लावलंत?"

"तितं आमची चूल हुती."

अंजलीचा हात थांबला.

"मी विहिरीचे थर काढले होते, आजी," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यात कुणीच राहत नाही." आणि तिने बाटलीला बूच लावले.

मी डागासकट प्रदर्शनात गेले आणि नवी काच लेऊन डेअरीत परतले. आता प्रयागबाई नाहीत. त्यांची सून स्वरूपा दूध घालते. वजन होईपर्यंत ती पदराने माझी काच पुसते, पण सगळी नाही, वळणापाशी तेवढीच.

मित्रांनो, माझ्यासारखे न कळणारे चित्र कुठे दिसले, तर त्याला ओलीपासून जपा, फुटली काच लगेच बदला. तुम्हाला त्यात काही दिसले नाही, तरी पोत्यांमागे टाकू नका. कुणाची तरी चूल अजून तिथे असेल.