पाठमोरा ‘आ’

...चार भोकांचं बटण, मधाच्या रंगाचं, कडेला किंचित टवका उडालेलं — आणि त्यातून खालून वर येणारी सुई. सुई वर आली, मागोमाग दोरा सरसरत आला, तो ताणला गेला, सुई पुन्हा खाली बुडाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की सुई डाव्या हातात आहे.

ती थांबली. कुणाच्या तरी कोटाची बाही तिच्या मांडीवर पसरली होती, समोर पाठ करून बसलेल्या आईचं शिवणयंत्र एका लयीत धावत होतं, खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापडाची बारीक कुसं तरंगत होती. बटणं ती नेहमी अशीच लावत आली असणार, कारण हाताला कसलंच नवल वाटत नव्हतं. नवल तिलाच वाटत होतं. इतकी वर्षं हा हात तिच्याच शेजारी राहत होता, तिच्याच बाहीत झोपत होता, आणि त्याची चौकशी आज पहिल्यांदाच कुणीतरी केली होती.

चौकशी केली ती शूबाईंनी. शाळेच्या ग्रंथपालबाईंना सगळे शूबाईच म्हणायचे. जन्मभर ‘शू’ करून करून त्यांचा आवाजच बसला होता, आणि आता त्या बाजारात भेटल्या तरी कुजबुजतच बोलायच्या. गेले कित्येक दिवस दोघी वाचनालयातल्या म्हाताऱ्या संगणकासमोर बसून शिष्यवृत्त्या धुंडाळत होत्या. दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता — तिथे नकाशे काढायला शिकवतात — पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं होतं; नाहीतर सुट्टी संपली की आईच्या शेजारच्या यंत्रावर बसायचं. ते यंत्र आईने आधीच पुसून, तेल घालून ठेवलं होतं, त्याबद्दल चकार शब्द न काढता. आणि शिष्यवृत्त्यांचं म्हणावं, तर हुशारांच्या शिष्यवृत्तीला तिचे गुण थोडे कमी पडत होते, आणि गरिबांच्या शिष्यवृत्तीला तिची गरिबी थोडी कमी पडत होती. मधल्या माणसांसाठी कुणी काही ठेवलेलं दिसत नव्हतं.

“जुळी नाहीस,” सकाळी शूबाई पडद्यावर बोट फिरवत कुजबुजल्या होत्या, “दीपगृहावरच्या माणसाची मुलगी नाहीस, उंच तर नाहीसच नाहीस... डावखुरी आहेस का गं?”

“नाही,” ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, “होते.”

“होते म्हणजे?”

“लहानपणी होते.”

“ते काय दुधाचे दात आहेत, पडून जायला?”

दोघी हसल्या, शूबाईंनी स्वतःलाच ‘शू’ केलं. पण शिष्यवृत्ती खरीच होती. कुणी एक डावखुरा घड्याळजी मरताना आपलं सगळं ठेवून गेला होता, डावखुऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी. अटी दोनच. काय शिकायचंय आणि का, ते एक पानभर स्वतःच्या डाव्या हाताने लिहायचं, आणि ‘माझं मूल जन्मतः डावखुरं आहे’ या वाक्याखाली आईची किंवा वडिलांची सही. अर्ज उद्याच्या टपालाने जायला हवा होता. घरात आई आणि ती, दोघीच. म्हणजे सही आईचीच.

शूबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. तिने पेन डाव्या हातात घेतलं — हात जरा बावरला, कुणी पाहुण्यांसमोर अचानक पुढे ढकलावं तसा — आणि ‘आजवर मी’ असं लिहायला म्हणून पहिलं अक्षर काढलं. ‘आ’ आला तो उलटा. काना आधी उभा राहिला डावीकडे, आणि पोट वळलं भलतीकडेच. वाचणाऱ्याकडे चक्क पाठ करून बसलेला आ. पुढची अक्षरं सुलट आली, पण केवढी मोठी, एकमेकांच्या अंगावर रेललेली, ओळ सोडून उतारावरून घसरत गेलेली. सतरा वर्षांच्या मुलीचं अक्षर नव्हतं ते. तिला कळलं की डावा हात अजून लहानच आहे. ज्या दिवशी त्याच्यातून पेन्सिल काढून घेतली त्या दिवसाइतकाच. ती वाढली, उजवा हात वाढला, त्याने परीक्षा दिल्या, वळणदार अक्षराचं बक्षीस मिळवलं, आणि हा मात्र तिथेच थांबून राहिला — बेरजेत हातचा मनात धरावा आणि पुढे मिळवायलाच विसरावं, तसा.

उजवा हात कुठला, असं लहानपणी कुणी विचारलं की ती मनात पटकन हिशेब करायची: ज्याच्यातून आई पेन्सिल काढून घेते तो डावा. मग उरतो तो उजवा. आई कधी ओरडली नाही, मारलं तर नाहीच. नुसती येता-जाता वाकायची, पेन्सिल ह्या मुठीतून सोडवून त्या मुठीत द्यायची, आणि पुन्हा यंत्रावर जाऊन बसायची. तिच्या बोटांना तेलाचा आणि खडूचा वास यायचा. किती मऊ हात होते ते... पेन्सिल जायची त्याचं वाईट वाटायचं, आणि आई वाकायची ते आवडायचं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या म्हणून कुठली खरी ते कधी ठरलंच नाही.

नकाशे म्हणूनच आवडायला लागले असतील का? वाट सांगताना ती अजून अडखळते, डावीकडे म्हणायचं असतं आणि तोंडातून उजवीकडे निघतं, रस्ता विचारणारा बिचारा भलत्याच गल्लीत जातो. नकाशात तसं नसतं. तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा, उत्तर दिशा आपली जागच्या जागी. ती कुणी ह्या मुठीतून त्या मुठीत देत नाही. हे लिहावं का पानावर? छान आहे. पण हे सुचलं ते उजव्या हाताचं सुचणं, गुळगुळीत, बक्षीस मिळवणारं. डाव्या हाताला काय म्हणायचंय ते त्याला कुणी विचारलंय कुठे?

शाळेतून येताना ती वाटभर त्याच्यावर पाळत ठेवून होती. फाटकाची कडी त्याने काढली. दुकानाच्या काचेवरची धूळ त्यानेच पुसली. गल्लीतल्या पोरांचा चेंडू अंगावर आला तेव्हा पुढे तोच झाला, उजव्याला पत्ताही नव्हता. आईने पेन्सिल नि कात्री तेवढी बदलली होती. बाकीच्या कामांकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि त्या कामांमध्ये तो गुपचूप नांदत होता. जिंकेल तो उजवा ठरतो, वगळायचं त्याला डावलतात — भाषेनेसुद्धा किती सहज बाजू घेतली आहे! मग मी कोण? बदललेली डावखुरी, की पक्की उजवी, पैशासाठी सोंग घेणारी? घड्याळजी असता तर त्याने नुसतं बघून ओळखलं असतं. किंवा म्हणाला असता, नाही हो, ही आमच्यातली नाही... आणि त्या विचाराने तिला खरंच रडू आल्यासारखं झालं. शिष्यवृत्ती हुकेल म्हणून नव्हे, ते दुःख तिच्या सवयीचं होतं. हाताला नाही म्हणतील म्हणून.

बटण लागलं. तिने दोरा दाताने तोडला — आईला ते खपत नसे — आणि यंत्र थांबलं.

“कात्री आहे की समोर,” आई मागे न वळता म्हणाली.

“आई, एक सही हवीय.”

“कशावर?”

तिने सांगितलं. वाक्य वाचून दाखवलं. ‘जन्मतः’पाशी आवाज थोडा घसरला.

“डावखुरी? कोण, तू?” आई हसली. “कुठली डावखुरी! थोडे दिवस होतं ते. सुधारलीस की लगेच.”

सुधारलीस... शब्द काही वाईट नव्हता. उसवलेली शिवण सुधारतात, बसत नसलेला खांदा सुधारतात. पण तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप आत वळली, आणि तिला एकाएकी राग आला, आईचा, उघड उघड राग, इतक्या वर्षांचा, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. तिने सकाळचा कागद काढला आणि हात लांबवून यंत्राच्या पाटावर ठेवला.

आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागद उन्हाकडे धरला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“अस्साच काढायचीस,” आई म्हणाली. आवाज वेगळाच होता, शूबाईंच्या जवळ जाणारा. “पाठमोरा. मी म्हणायची, याला काय राग आलाय का माझा?” तिने त्या ‘आ’वर अंगठा ठेवला, कापडाचा पोत बघताना ठेवते तसा. “मला वाटलं, गेलं हे.”

“हात का बदललास गं?”

मोठी काळी कात्री आईने उचलली, उघडली, मिटली.

“तुला माझ्याशेजारी बसून कापायचं असायचं. ही कात्री तुझ्या त्या हातात चालायची नाही, उजव्या हाताचीच घडण हिची. कापायची नाही, कापड नुसतं चावायची. तू रडून रडून लाल व्हायचीस. आपल्याकडे कात्री एकच. मला वाटलं, कात्री काही बदलता यायची नाही आपल्याला... हात बदलू.” तिने कात्री खाली ठेवली. “तेव्हा वाटलं, सोपं आहे ते.”

कोटाची बाही मांडीवरून घसरली, ती कुणी उचलली नाही. राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आता कुणीतरी बसलं होतं — कापड चावलं म्हणून रडणारी एक लहान मुलगी, जिला आईच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच. आणि आता तिलाच आईपासून दूर जायचंय. दूरच्या शहराचं नाव घेतलं की छातीत जी पोकळी पडायची ती आज चाचपून पाहिली, तर तितकी रिकामी लागेना. एकटीला जावं लागेल असं ती उगाच धरून चालली होती; ही लहानगी तर सोबत असणारच होती.

“आणि नाही मिळाली तर?” आईने विचारलं.

“माहीत नाही.”

“हं.” आईने शेजारच्या, तेल घातलेल्या यंत्राकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. “सही करीन मी. पण आधी तुझं पान लिही. इथेच बस, मला बघू दे. आणि मी बदलला, तेही लिही त्यात. चोरून कशाला?”

तसं लिहिलं तर शिष्यवृत्तीवाले नाही म्हणतील, असं तिच्या ओठांवर येऊन राहिलं. आईने चिंध्यांखालून पेन शोधून काढलं, टोपण काढलं, कोपऱ्यावर रेघ ओढून चालतं का पाहिलं, आणि तिच्याकडे वळून, वाकून पुढे केलं — ना या बाजूला, ना त्या बाजूला, अगदी मधोमध.

“घे.”

दोन्ही हात मांडीवर होते, उन्हात, शेजारी शेजारी. तेलाचा नि खडूचा तोच वास आला. कुठला पुढे होतो ते तिला ठाऊक नव्हतं, आणि घाई करावी असंही वाटेना. आई वाकली होती, पेन मधोमध थांबलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काही काढून घेणार नव्हतं...