तुटका काठ

तपासनिसाने जुनं पाकीट उलटं केलं आणि त्यातून पडलेला काचेचा तुकडा चिमट्याने भिंगाखाली धरला. निवृत्तीला चार दिवस उरले होते, टेबलाचा खण रिकामा करता करता हे पाकीट हाती आलं. त्यावर ना नंबर, ना तारीख. प्रकरण घरचं होतं.

तीस वर्षं त्याने लोकांच्या फुटलेल्या काचांची चौकशी केली होती. काच कुठून फुटली नि किती जोराने, हे तिचा तुटका काठच सांगतो. सुरुवातीला आरशासारखा गुळगुळीत भाग, मग धुरकट, मग खडबडीत. दणका जबरदस्त असेल तर गुळगुळीत भाग जेमतेम टिकलीएवढा, धक्का हलका असेल तर लांबवर पसरलेला. कुणी शपथेवर सांगितलं तरी तो आधी काठ बघायचा. घरी मात्र त्याने डोळे मिटून निकाल दिला होता.

सात वर्षांपूर्वी मुलगी परगावी नोकरीला निघाली, याला ते मुळीच पसंत नव्हतं. बॅग भरून तिने कपाटाचं काचेचं दार लावलं आणि काच खळकन खाली आली. राग काचेवर काढतेस, म्हणून हा कडाडला.

"बाबा, मी हळूच लावलं."

त्याने ऐकून घेतलं नाही. ती गेली. केर भरताना, जिथून काच फुटली तो तुकडा त्याने सवयीने उचलून ठेवला, एवढंच. तिची आई होती तोवर मुलीचे फोन आईला यायचे. आई गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या.

भिंगाखालचा गुळगुळीत भाग संपता संपेना. त्याने तुकडा सरकवला, पुन्हा सरकवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसाच. जिथून सुरुवात झाली तिथे बारीक टवका उडालेला होता, पकडीच्या दातांचा. काचवाला कशाला हवा, म्हणत ती काच त्यानेच घरी कापली होती आणि जास्तीची पट्टी पकडीने मोडली होती.

त्याला स्वतःची लाज वाटली. बाकीचे जेवायला गेले होते. त्याने फोन ओढला. नंबर पाठ होता.

"दार तू हळूच लावलं होतंस," तो म्हणाला. "काच माझ्या हातून आधीच दुखावली होती. आज तपासली."



"तपासायला किती वेळ लागतो, बाबा?"

"दहा मिनिटं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.