दातांतली चादोर

आमच्या इराणातल्या काशानमध्ये पोरींच्या आयांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. डोक्यावरून अंगभर घ्यायच्या चादोरीला ना बटण, ना नाडी. बाईचे दोन्ही हात गुंतले की ती दातांत धरावी लागते, आणि दातांत धरली की बाईचं तोंड बंद.

याआधीची दोन स्थळं माझ्या जिभेनं पळवून लावली होती. म्हणून मैसमकडची माणसं मला बघायला येणार म्हटल्यावर आईनं मुद्दाम सुळसुळीत, फुलाफुलांची चादोर काढली. "चहा झाला की फळं ने, फळं झाली की मिठाई. हात रिकामे दिसले तर याद राख, माहरुख!"

मीही गुमान ऐकलं, कारण मैसम मला मनापासून आवडला होता. मी बायकांना गाडी शिकवते. तो बहिणीला माझ्याकडे शिकायला सोडायला यायचा नि माझ्या बडबडीवर पोट धरून हसायचा.

तर मी ट्रे घेऊन उभी. दातांत कापड, तोंडाला लाळ सुटलेली. मैसमशेजारी बसलेली त्याची आई, अझरा खानम, एकदम खूश.

"किती गुणी हो पोर! तोंडातून शब्द नाही."

"लहानपणापासून अशीच," आई म्हणाली. खोटं बोलताना तिची पापणीही लवली नाही.

"स्वयंपाक?"

"हाताला चव आहे."

"नि ते गाडीचं खूळ लग्नानंतर बंद हं. आमच्या घरात नाही चालायचं."

"अहो, आजच बंद!"

माझं डोकंच फिरलं. मी ट्रे दाणकन खाली ठेवला. चादोर घसरून खांद्यावर आली. आत केसांवर रुमाल घट्ट बांधला होता, म्हणून अब्रू वाचली.

"अझरा खानम, गाडी बंद होणार नाही. तुमच्या लेकीला अजून ती मागे घेता येत नाही, तिचं काय करू?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला.

"आणि मैसम, माझ्या दातांत चादोर होती. तुम्ही का गप्प?"

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दातांत साखरेचा खडा धरून तो चहा ओढत होता. त्यानं बोटानंच 'थांब' अशी खूण केली. मी थांबले. खरं सांगते, जीव टांगणीला लागला होता. एवढा हसणारा माणूस, एक वाक्य तरी बोलेलच की!

खडा विरघळला. त्यानं स्वतःच्या आईकडे पाहिलं, आणि दुसरा खडा उचलून दातांत धरला.