टेबलाखालून दिसलेला हिशेब

मी टेबलाखालचं पेडल बोलतोय. शिलाई मशीनचं नव्हे. तो गैरसमज माझ्या नशिबी नेहमीचाच. डॉक्टर पेशंटला तपासून झाले, की काय आढळलं आणि काय करायचं ते यंत्रात बोलून ठेवतात. मग आमच्या लेखनिक बाई ते कानाला लावून ऐकतात आणि टाइप करतात. मला दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, कडेला दाबलं की थोडं मागे. हात टाइप करण्यात गुंतलेले, म्हणून हे काम पायाकडे, म्हणजे माझ्याकडे.

कारखान्यातून आम्ही बारा जण एकाच खोक्यातून निघालो. बाकीच्यांचं काय झालं ठाऊक नाही. मी या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत आलो आणि खिडकीजवळच्या टेबलाखाली मुरलो. माझं रबर दोनदा बदललंय, वायरला चिकटपट्टी आहे. पण कुरकुर म्हणाल, तर माझ्यापेक्षा खुर्चीच जास्त करते.

जन्म पायाखाली गेला की माणसं पायांवरून कळायला लागतात. बाई सकाळी आल्या की चपला काढून भिंतीशी जोडीने ठेवायच्या आणि अनवाणी पायाने मला दाबायच्या. बोलण्यात काही खटकलं की पाय उचलला, चपला घातल्या आणि बाई निघाल्या कॉरिडॉरमधून, थेट डॉक्टरांना विचारायला. अंदाजाने लिहिणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मोठ्या सर्जनांकडे तर दिवसातून दोन फेऱ्या ठरलेल्या. हात सोन्याचा, पण एक खोड. पेशंट समोर बसला की त्याचा डावा गुडघा सर्जनांच्या उजव्या हाताला येतो, आणि ते बिनधास्त ‘उजवा’ बोलून मोकळे होतात. बाई विचारायच्या, ते ‘हो, हो, डावाच’ म्हणायचे आणि दोघंही विसरून जायचे.

मग एके दिवशी टेबलासमोर तपकिरी बूट येऊन थांबले. ते नवे हिशेबनीस. माणूस वाईट नव्हता, आकड्यांत रमणारा होता. हे टायपिंग बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं तर किती वाचेल, ते त्यांना काढायचं होतं. तीन दिवस ते समोर बसून टिपणं काढत होते. एका बाजूला बाईंचा पगार, रजा, खुर्ची, यंत्र, वीज. बाई कॉरिडॉरमध्ये जायच्या तो ‘रिकामा वेळ’. माझ्या नावापुढे त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं, ‘पेडल, जुने, किंमत शून्य’. ते मात्र मनाला लागलं. दुसऱ्या बाजूला एकच आकडा, ओळीमागचा दर.

महिनाभर निम्मं काम बाहेर द्यायचं आणि मग निर्णय, असं ठरलं. बाईंच्या नोकरीची सहा वर्षं उरली होती, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार, हा घोर त्यांना लागला.

आणि नेमक्या त्याच महिन्यात बाईंनी काय करावं? बाहेरून टाइप होऊन आलेले कागद फाइलला लावायचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरच्या लोकांनी जे ऐकलं ते इमानदारीने लिहिलेलं, नाही कळलं तिथे जागा सोडलेली. बाई ते वाचायच्या, मूळ आवाज ऐकायच्या, विचारून यायच्या, जागा भरायच्या, गुडघे बदलायच्या. शेजारी चहाला बसणारी नर्स एकदा वैतागून म्हणाली, “अगं, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस तू.”

“चुकीचा कागद फाइलला लावायला हात धजत नाही गं,” बाई म्हणाल्या.

व्हायचं तेच झालं. फाइलमधले बाहेरचे कागद आरशासारखे स्वच्छ. हिशेबनीस खूश. त्या दिवसांत बाईंनी चपला काढणंच सोडलं. केव्हा उठवतील याचा नेम नाही, हे त्यांच्या तोंडाने नाही तरी पायांनी मला सांगितलं. मला फार वाईट वाटायचं.

महिना संपत आला आणि बाईंच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाईंनी दोन दिवस रजा घेतली. कागद आले तसे फाइलला लागले.

दुसऱ्या दिवशी मोठे सर्जन एक कागद घेऊन खोलीत आले. हिशेबनीस तिथेच टेबलाची मापं घेत होते. कागदावर उजवा गुडघा होता, आणि गुडघ्यात सुई द्यायला घेतली, तेव्हा पेशंट आजीबाईंनी तो पाय घट्ट धरून ठेवला होता. दुखतोय तो डावा, याला हात लावू देणार नाही, म्हणाल्या. एक्स-रेसुद्धा डाव्याचाच निघाला.

हिशेबनीस बाईंच्या खुर्चीत बसले, हेडफोन लावला आणि बूट माझ्यावर ठेवला. केवढा तो भार! आवाज तीनदा ऐकला. सर्जनांनाही ऐकवला. तिन्ही वेळा सर्जन स्पष्ट ‘उजवा’ म्हणत होते.

सर्जनांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मग इतकी वर्षं हे बरोबर कसं यायचं?”

हिशेबनिसांनी महिन्याचे सगळे कागद काढले, बाहेरून आले तसे आणि फाइलला लागले तसे, शेजारी शेजारी ठेवले. अर्धा दिवस त्यांचा बूट हलला नाही.

बाई रजेवरून आल्या, तेव्हा ते उभेच होते. “बाई, हे सगळं तुम्ही दुरुस्त करत होता?”

“हो, साहेब.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही खर्च विचारलात, साहेब. हे कुणी विचारलंच नाही.”

हिशेबनिसांनी हिशेब नव्याने मांडला. ‘रिकामा वेळ’ खोडून तिथे ‘खात्री करणे’ लिहिलं, आणि दुरुस्तीचे तास बाहेरच्या बाजूला चढवले. साधे, ठरावीक रिपोर्ट तरीही बाहेरच स्वस्त पडत होते, तेही त्यांनी न लपवता सांगितलं. ते आता बाहेर जातात, पण बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय फाइलला लागत नाहीत. सर्जनांचं सगळं काम आणि बाईंची सहा वर्षं मात्र इथेच राहिली.

मला आता काम थोडं कमी आहे. यादीत माझी किंमत अजून शून्यच आहे. हिशेबनीस सगळ्यांचं ऐकतील, पेडलचं नाही. माझी काही तक्रार नाही. तुमच्या हाती कधी रिपोर्ट आला, तर एवढंच मनात आणा, की तो बरोबर असावा म्हणून कुणीतरी खुर्चीतून उठून विचारून आलं असेल.

नवा हिशेब सांगून हिशेबनीस गेले, त्या सकाळी बाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीशी जोडीने ठेवल्या.