पन्नीवरच्या देवकाबाई

माझ्या सासूबाई जिवंत आहेत, हे मी त्या दिवशी सौंसरमधल्या दिसेल त्या माणसाला सांगत होते. कोणीही ऐकलं नाही. सुनेला जबर धक्का बसलाय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे इतर शिक्षक रजेवर असले की वर्ग माझ्या गळ्यात पडतो. उरलेल्या वेळात मी अर्धपारदर्शक फिल्मवर चित्रं काढते. फिल्म दुधी काचेसारखी असते, दोन्ही बाजूंनी रंगवता येते. सासूबाईंचा, म्हणजे देवकाबाईंचा, चेहरा मी पुढून रंगवला आणि संत्र्याच्या बागेतलं ऊन मागून. मागचं ऊन चेहऱ्यात झिरपायला लागलं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि विचारलं, "वरची पन्नी काहून नाई काढली?"

फ्रेमसाठी मी पांढुर्ण्याला विनोदच्या दुकानात गेले. त्याच्याकडे गिऱ्हाईक दोनच, देव आणि दिवंगत. मी त्याला नीट समजावलं. फिल्म पुठ्ठ्याला चिकटवायची नाही, काचेला टेकू द्यायची नाही. फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्या लावून लोंबती ठेवायची आणि मागे बोटभर जागा सोडायची.

"म्हणजे हवेत तरंगल्यावानी दिसली पाहिजे," तो म्हणाला.

"हो."

"अन् आरपार उजेड."

"अगदी बरोबर."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काळजी नोका करू म्याडम. असं काम मी रोजच करून राहिलो."

कलेची जाण असलेला माणूस अखेर पांढुर्ण्यात भेटला, म्हणून मी आनंदाने बसमध्ये बसले.

विनोदने काम झकास केलं, यात वाद नाही. फिल्म सुरेख तरंगत होती. त्याने काळी चौकट लावली, चंदनाचा हार घातला, मागच्या जागेत बारीकसा दिवा बसवला आणि खाली तिथीपुरती जागा मोकळी सोडली. मग आपली कारागिरी लोकांना दिसावी म्हणून फ्रेम दुकानाच्या दर्शनी भागात टांगली. कोणीतरी तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत तिथे हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

मी विनोदला फोनवर झापलं. तो उलट माझ्यावरच चकित झाला. "पण म्याडम, जित्या माणसाले कोणी फ्रेम करते का?"

माझे यजमान भूपेंद्र ग्रुपवर खुलासा लिहायला बसले. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "थांब. दादाजी येते का नाई, ते पाहू दे मले."

दादाजी हा त्यांचा धाकटा भाऊ, त्यांना 'बाई' म्हणणारा. राहतो मोहगावला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण आमच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं गेलं आणि त्या दिवसापासून त्याने आमचा उंबरठा ओलांडला नाही. देवकाबाईंनी निरोप पाठवले, स्वतः जाऊन आल्या. त्या पोचल्या की तो मागच्या दाराने बागेत जायचा. पत्रिका छापणारा केव्हाच विसरला असेल, ह्या दोघांचं मात्र बोलणं बंद ते बंदच.

सासूबाई आतल्या खोलीत कडी लावून बसल्या. अंगण माणसांनी भरलं. मी फाटकाशी उभी राहून "आई ठणठणीत आहेत" म्हणत होते आणि बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. भूपेंद्रांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते गप्प बसले. मुलगा किती खचला, अशी कुजबुज झाली. शेजारच्या सरलाकाकूंनी देवकाबाईंच्या लोणच्याचं तोंड भरून कौतुक केलं. "जितेपणी तं खारट म्हणे," आतून पुटपुटणं आलं. बरं झालं, कोणाला ऐकू गेलं नाही.

दुपारी दादाजीमामा आला. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. आमच्याकडे बाई गेली की तिला अखेरचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि ते भावाने आणायचं असतं. तो कोणाशी बोलला नाही. अंगणभर नजर फिरवून एवढंच म्हणाला, "कोठी ठेवली माह्या बाईले?"

देवकाबाई दारात आल्या. अंगणातल्या बाया किंचाळून मागे सरकल्या. मामा मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. इतका राग धरणारा माणूस असं रडेल, हे मला खरंच वाटलं नव्हतं. 

देवकाबाईंनी त्याच्या हातातला कागद सोडवला. लुगडं जांभळं होतं, त्यांच्या आवडीचं. त्यांनी ते उलगडून उन्हात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग खांद्यावर टाकून आत निघाल्या.

मामा घाबरून उठला. "नको बाई, हे नको नेसू. हे अखेरचं होय."

"अखेरचं दुसरं आणजो," देवकाबाई म्हणाल्या. "तवा मले रंग नाई दिसणार."